टाकीवरची अँटेना माझ्या मागावर

तीर्थरूप धोंडप्पामामा, उमरग्याकडं तोंड करून नमस्कार करतोय (दिशा बरोबर आहे, यंत्रावर बघून घेतली). मामीचा गुडघा आणि तुमचं दुकान, दोन्ही चालू असतील अशी आशा.

दिवाळीपासून मला तुमच्या टायरच्या दुकानात बसवायचं ठरलंय, ठाऊक आहे. पण इथं जळकोटला नोकरीत कायम व्हायची लक्षणं आहेत, म्हणून जरा दम धरा. कॉलेजच्या सानिया मॅडमनी पाण्याच्या टाकीवर एक अँटेना बसवलीय. ती बॅटरीच्या झोतासारखी बारीक लहर सोडते (मिलिमीटरची, म्हणजे मुंगीएवढी). ती लहर झेलणारी पेटी माझ्या मोटारसायकलवर. मी फिरायचं, टाकीवरच्या अँटेनानं माझा माग काढायचा. पण ती स्वस्तातली, उजवीकडं बघ म्हटलं की जरा जास्तच बघते (आपला भीमाशंकर लग्नाच्या मांडवात बघतो तशी). तिचा हा तिरकेपणा धरून नेम कसा लावायचा, ते मॅडमचा प्रोग्राम शिकतोय.

माझ्याआधी रामलिंग होता. तो नाकासमोर गाडी चालवायचा, त्यामुळं प्रोग्राम काहीच शिकला न्हाय. मी मात्र रसवंतीकडं वळलो, एका चुकार म्हशीमागं गेलो, ओळख नसताना बारशात जेवून आलो. मॅडम म्हणाल्या, "नंदीश, तुझ्यासारखं कुणी भटकत नाही." मामा, हे वाक्य जन्मभर ऐकतोय, पण कौतुकानं पहिल्यांदाच.

काल खंडेनवमी. मला ठेवायचं का न्हाय ते ठरवणारे मोठे सर पुण्याहून आले, आणि नेमकी लहर गायब. दोन तास सगळ्यांनी वायरी उसकटून बघितल्या. शेवटी मीच टाकीवर चढलो. बघतो तर अँटेनाच्या तोंडावर झेंडूची ही जाडजूड ओली माळ. काढली, की लहर हजर. ओला पाला असल्या लहरीला भिंतीसारखाच, असं मॅडमनी सांगितलं. सरांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. अजून पाठ ताठ आहे.

तुमचा भाचा,
नंदीश

ता. क. माळ म्याच घातली होती. तुम्ही खंडेनवमीला जॅकसुद्धा पूजता, मग अँटेनानं काय पाप केलं? फुलं टवटवीत राहावीत म्हणून पाणी मारलं, तिथं चुकलं. विभूतीची तीन बोटं अँटेनाच्या मागच्या अंगाला ओढलीत, ती अजून कुणाला दिसली न्हाईत.

आणखी एक. पोरगा टिकंल का, असं विचारायला मोठे सर तुम्हाला फोन करणार आहेत. टिकतो म्हणायला तुमची जीभ वळणार न्हाय. म्हणून एवढंच सांगा, की वाकडा जातो, पण किती वाकडा जातो ते आम्हाला ठाऊक आहे, तेवढं धरून चालवा.