कमरेशी धरलेला आरसा

बाई, काल तुमचं एक वाक्य मी आमच्या सरांना ऐकवलं, आणि ते तुमचं आहे हे सांगितलं नाही. वैरागकडच्या एका जुन्या देवळातल्या मूर्तींचं मी स्कॅनिंग करते. यंत्रानं दगडाची प्रत्येक खाच मोजायची आणि संगणकावर मूर्ती जशीच्या तशी उभी करायची, एवढंच काम. बाहेरच्या भिंतीवर एक स्त्री आहे, सात-आठशे वर्षांपूर्वीची. डाव्या हातात कमरेशी धरलेली चपटी फळी, उजवा हात मनगटापासून तुटलेला. तिच्याखाली 'आरशात पाहणारी सुंदरी' अशी पाटी लावायचं सरांनी ठरवलं होतं. पाटी एकदा बसली की शाळेची प्रत्येक सहल तेच वाचणार.

मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. रविवार आहे, एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी आम्ही चार-पाच जणी तुमच्याकडे फरशीवर बसून चित्रं काढतोय. मी आरसा बघणारी मुलगी काढली आहे. भाकरी थापता थापता तुम्ही माझ्या कागदावर वाकता. "काय गं, आरसा कमरेशी धरलाय हिनं? तोंड बघतीय का फ्रॉकची बटणं?" सगळ्या हसतात. माझे कान तापतात. तुम्ही स्टीलचं ताट माझ्या हातात देता. "ऊठ. स्वतः उभी राहून बघ की. आणि दिसतं तेवढंच काढायचं, मनचं घालायचं नाही." कागदावर तुमचा पिठाचा अंगठा उमटला होता. झटकला तरी डाग राहिला.

काल मी डब्याचं झाकण कमरेशी धरून सरांसमोर उभी राहिले. "यात तोंड दिसेल का सर, की शर्टाची बटणं? ती आरसा बघत नाही. ती काढतेय काहीतरी."

सर हसले. "अहो मॅडम, त्या काळी बायका कुठं चित्रं काढत बसायच्या?"

"ही काढतेय की. कोरणाऱ्यानं कुणाला तरी बघितलं असेल. किंवा कोरणारीच असेल, आपल्याला काय माहीत?"

मग मी स्कॅन मोठा करून दाखवला. फळीला चिकटून दगडाचं एक बारीक टोक उरलं आहे. हात गेला, हातातल्या काडीचं टोक राहिलं. आरशावर असं टोक कुणी टेकवत नाही. सरांनी ते टोक आणखी मोठं करून बघितलं, आणि "पाटी तुम्हीच लिहा," म्हणाले.

लिहिली. आज ती कोरायलाही गेली. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एवढं सांगते. फळीवरचं सगळं झिजलंय. ती अक्षरं लिहीत होती की चित्र काढत होती, हे कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. मी 'चित्र काढणारी' असं लिहिलं. तेवढं मात्र मला दिसलं नव्हतं, बाई.