हेमाच्या परसातला झरा

वाडी, हडपसर
ता. २० एप्रिल १९६९

चि. जयसिंग यास शकूअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

येथे सर्व खुशाल आहेत, मी सोडून. वाटणीत टेकडीचे दोन भाग झाले, हे तुला ठाऊकच आहे. आता कोणी ठेकेदार खडीची खाण काढायला आला आणि त्याला नेमका संपतभावजींचाच भाग पसंत पडला. तेव्हापासून माझी धाकटी जाऊ हेमा जमिनीवर चालत नाही. त्यावर कडी म्हणजे, ठेकेदाराने सुरुंग लावून दगड पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून उतारावर झरा फुटला. पाणी थेट तिच्या परसात! मी कोरड्या विहिरीत पोहरा आपटते आणि ही बाई दारात बसून भांडी घासते. मला बघवत नाही, तुझ्यापासून काय लपवू?

परवानगी देण्याआधी टेकडी तपासायला सरकारी भूशास्त्रज्ञ येणार आणि तो तूच, असे ऐकते. तिचा दगड भुसभुशीत आणि आमचा पक्का, एवढे लिहायला तुला किती शाई लागेल?

कळावे. माझी माया आहेच. ती वाढवायची की आटवायची ते तू ठरव.
तुझी अक्का

येरवडा, पुणे
ता. २६ एप्रिल १९६९

ती. अक्कास जयसिंगचा सा. न. वि. वि.

पत्र पावले. लहानपणी माझ्या ताटातला लाडू तुझ्या लाडवापेक्षा मोठा नाही ना, हे तू वाकून पाहायचीस, त्याची आठवण झाली.

दगड असेल तसाच लिहीन, अक्का. आपल्याकडच्या टेकड्यांत काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो भिजला की वरचा कातळ घसरू शकतो. मी तेच पाहायला येतो आहे. कामावर असताना कोणाकडे जेवणार नाही, तुझ्याकडेही नाही. दाजींना नमस्कार सांग.

रागावलीस तरी आशीर्वाद चालू ठेव.
तुझा जयसिंग

वाडी, हडपसर
ता. १४ मे १९६९

चि. जयसिंग यास आशीर्वाद. वि. वि.

आलास आणि गेलास. माझ्या दारात उभ्याउभ्या गूळपाणी घेतलेस आणि हेमाच्या परसात मात्र उकिडवा बसून तिचे पाणी ओंजळीत धरून कौतुकाने न्याहाळत होतास. सगळ्या वाडीने पाहिले. साहेबांना आमचा झरा फार आवडला, असे ती सांगत सुटली आहे. पाठचा भाऊ माझा आणि मिरवते ती!

मग मीही गप्प बसले नाही. झऱ्याचे तोंड वर आमच्याच हद्दीत आहे. भैरू गड्याला लावून तिथून आडवा चर खणून घेतला आणि पाणी आमच्या विहिरीकडे वळवले. हेमाच्या परसात आता करंगळीएवढी धार उरली आहे. खरे सांगते, त्या दिवशी मला भाकरी गोड लागली. एकच अडचण आहे. आमच्याकडेही थेंब पोचत नाही. चर निम्म्यापर्यंत ओला आणि पुढे कोरडा ठणठणीत. पाणी जाते कुठे, एवढे मात्र कळव.

प्रकृतीस जप. रुसले आहे, पण काळजी आहे.
अक्का

येरवडा, पुणे
ता. १७ मे १९६९

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हे पत्र माणसाबरोबर पाठवतो आहे. मला आजच साताऱ्याला निघावे लागते आहे, नाहीतर मीच आलो असतो.

मी कौतुकाने बसलो नव्हतो. पाणी तांबडे येत होते, म्हणजे आतली माती धुऊन निघते आहे. सुरुंगाने वर भेग पडली आहे, हात आत जाईल एवढी. तुझ्या चराचे पाणी त्या भेगेत जाते आहे, अक्का. तुझे घर बाजूला आहे. हेमाचे बरोबर खाली आहे.

खाणीला मी नकार लिहिला आहे. पायथा खणला तर टेकडीला आधार राहणार नाही. पण आता नुसत्या पावसानेही ती सुटेल. चर आजच्या आज बुजव आणि पावसाआधी हेमाला पोरांसकट तुझ्या घरी आण. तुझ्या भावाने तिची खाण घालवली, त्यामुळे ती माझे ऐकणार नाही. तुलाच आणावे लागेल.

घाईत लिहिले, उणे-अधिक पोटात घाल.
जयसिंग

वाडी, हडपसर
ता. २९ जून १९६९

चि. जयसिंग यास आशीर्वाद. वि. वि.

चर त्याच दिवशी बुजवला, भैरूबरोबर मीही पाट्या टाकल्या. हेमा मात्र येईना. खाण मोडलीत, आता घरही मोडता का, असे तोंडावर म्हणाली. तिचे काय चुकले? मी तिच्या जागी असते तर झाडू घेऊन धावले असते. शेवटी आभाळ भरून आले तशी तिची धाकटी पोर कडेवर घेतली आणि चालू लागले. पोरीमागे आई आली, शिव्या देत, आणि तिच्यामागे बाकीची पोरे घेऊन संपतभावजी. पाऊस चार दिवस कोसळला आणि पाचव्या दिवशी टेकडीची ती बाजू खाली आली. हेमाचे माजघर आढ्यापर्यंत भरले. माणूस एकही गेले नाही.

आता वाडीभर माझे नाव झाले आहे. हेमा रोज सकाळी माझ्या पाया पडते. जाऊबाई, तुमच्यामुळे माझी पोरे वाचली, म्हणते. चर मी खणला हे तिला ठाऊक नाही आणि भैरू बोलणार नाही. ती वाकली की मी पाय मागे घेते, तर तिला वाटते मी फार साधी आहे.

तुझ्या शास्त्रात पाहून सांग, चर नसता तरी टेकडी आली असती का? खरे असेल ते लिही. नाहीतर लिहूच नको.

घर गेलेली बाई माझ्या घोंगडीवर गाढ झोपते आणि मी शेजारी जागी पडून तिच्याकडे बघत राहते. मला अजून तिचा हेवाच वाटतो रे.

कळावे. उत्तर दिले नाहीस तरी माया आहे तशीच.
अक्का