ॲम्ब्युलन्सचं मागचं दार

खानापूर,
सोमवार, १८ नोव्हेंबर

चि. सौ. राजेश्वरीस,
आक्काचे आशीर्वाद.

काल फोनवर बोललो, तरी आज पत्र लिहितेय. दवाखान्यातल्या बायाक्काच्या हाती देते. तिला चहा दिल्याशिवाय सोडू नको. यल्लाप्पारावांचा गुडघा कसा आहे? तेल चोळू नका म्हणावं. इकडं भातकापणी चालू आहे, पेशंट न्हायत.

नीलमला दूध उतरलं असेल. शेजारच्या बायका सांगतील, पण छाती आवळून बांधू नका. गार पाण्याच्या घड्या ठेवा. ताप आला तर तडक बेळगावला न्या. माझ्याकडं आणू नका.

का, ते सांगते.

तुझ्या नीलमचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तेही मावशीच्याच हातानं, हा हट्ट माझा होता. तिच्या सासरचे बेळगावच्या दवाखान्यात नाव घालतो म्हणत होते. "घरात डॉक्टर असताना लोकाच्या दारात कशाला?" असं मीच म्हटलं. गावाकडची पहिली बाईडॉक्टर, जिल्हा पंचायतीवर निवडून गेलेली पहिली बाई! हा तोरा माझ्या डोक्यातनं कधी उतरलाच न्हाय गं.

गुरुवारचा रास्ता रोकोसुद्धा बाळंतिणींसाठीच होता. दोन वर्षं झाली, सरकारी दवाखान्यात बाईडॉक्टर न्हाय. हजार माणूस रस्त्यावर बसलं होतं. काल तू म्हणालीस, "आक्का, तू स्टेजवर होतीस, तुला काय ठाऊक! त्या भरमूनं आणि शामूनं गाडी अडवली. परवा जबाबात दोघांची नावं सांगते." मी नुसतं हं म्हटलं.

राजी, त्यांची नावं सांगू नको. मी स्टेजवर नव्हते. गाडीच्या पुढ्यात उभी होते.

मागच्या आंदोलनात आम्ही अडवलेल्या एका साहेबाला पोलिसांनी ॲम्ब्युलन्समधनं पळवून नेलतं. म्हणून सकाळीच मी पोरांना बजावलतं, ती चाल परत चालू द्यायची न्हाय. गाडी आली. ड्रायव्हरनं हात जोडले. "बाई हाय आत, सोडा." भरमू म्हणाला, "आक्का, मागचं दार उघडून बगूया का?" मी म्हटलं, "काय बगायचं न्हाय. लई सोंगं बगितल्यात. वळवा!" कॅमेरे चालू होते. माघार घेतली असं दिसू नये, एवढंच माझ्या मनात होतं. चार पावलं चालून मी दार उघडलं नाही. तीस वर्षं बाळंतपणं केली मी!

कुणीतरी "आक्का, आक्का" ओरडत होतं. मला तर सगळेच आक्का म्हणतात. पोरी घोषणा देतायत, असं वाटलं. ती तू होतीस, गाडीच्या आतनं. तुम्ही माझ्याच दवाखान्याकडं येत होता. पुढच्या वळणावर तर दवाखाना. मी वळवली म्हणून तुम्ही आडरस्त्यानं बेळगावला गेलात, आणि बाळ वाटेतच गेलं.

भरमू न् शामू चार दिवस आत आहेत. दोघांनीही तोंडातनं माझं नाव काढलेलं न्हाय. पक्षाचे नागेंद्र म्हणतात, "मॅडम, गप्प बसा, पोरं सुटतील. तोंड उघडलंत तर तिकीट मात्र परत मिळायचं न्हाय." आणि मी बसले गं गप्प! शनिवारी आणि काल, दोनदा पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत गेले आणि भिऊन परत आले. आता माझ्यावर माझाच भरवसा न्हाय, म्हणून हे तुझ्या हातात देते. उद्या दहा वाजता जबाबाला जाशील तेव्हा हे पत्र साहेबांच्या टेबलावर ठेव. त्यांना मराठी वाचता येत न्हाय, म्हणून पाठीमागं चार ओळी कानडीत लिहून सही केली आहे. जन्मभर मराठीतनं कागद मिळावेत म्हणून भांडले, आणि गुन्हा कबूल करायला कानडी लिहिली.

नीलमला तू काही सांगू नको. ते माझ्या तोंडूनच तिला कळलं पाहिजे. कसं सांगायचं, मला सुचत न्हाय. वेडी व्हायची वेळ आली आहे.

माफी मागत न्हाय. पत्र फाडू नको, एवढंच कर.

जिला तू आतनं हाका मारल्यास, ती
आक्का