अवनी काय म्हणाली

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय अलकाताई,

सप्रेम नमस्कार.

पाकीट बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. थंडी ओसरली, दुपारी गच्चीत बसवत नाही. तरी रजया अजून आत ठेवल्या नाहीत, इथल्या थंडीचा काही भरवसा नसतो. हे पुढच्या वर्षी निवृत्त होणार, म्हणून हे सरकारी घर सोडायच्या तयारीला आत्तापासूनच लागलेत. रोज एक कपाट उघडतात आणि तसंच बंद करतात. भाऊजींच्या गुडघ्याचं कसं आहे?

एवढं विचारायला फोन नव्हता का, म्हणशील. होता. त्याकडे येते, पण आधी कामाचं सांगू दे.

तुला माहीतच आहे, शाळा सोडल्यापासून मी शिक्षकांना तयार करायचं काम करते. आमची संस्था माझ्यासारख्या जुन्या शिक्षकांना शाळाशाळांत पाठवते. आम्ही वर्गात मागे बसून तास बघतो आणि नंतर चहा पिता पिता त्या शिक्षकाबरोबर तो पुन्हा उलगडून बघतो. यंदा माझ्याकडे करोल बागेतली एक शाळा आहे, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांमागे. वर्गात अपूर्णांक चाललेले असतात आणि खाली कोणीतरी हॉर्न वाजवून तपासत असतो.

तिथे कृतिका नावाची नवी शिक्षिका आहे. दिल्लीतच वाढलेली मराठी मुलगी. मराठी बोलता बोलता हिंदीत घसरते. मी एकदा 'पाणउतारा' म्हटलं, तर म्हणाली, "मॅम, म्हणजे टाकीतलं पाणी?" पहिल्यांदा तिचा तास बघितला तेव्हा तिने प्रश्न विचारले आणि उत्तरंही स्वतःच दिली, सगळी! तास संपल्यावर फळ्याकडे तोंड करून रडली. मी तिला सांगितलं, "दुसऱ्या कोणी आपला तास बघायचा म्हटलं की भीती वाटतेच. पण बघू दिला नाही, तर सुधारायचा कसा?" तेव्हापासून तिने मला सगळं बघू दिलं, फसलेले तासही. दिवाळीपर्यंत तिच्या वर्गात मुलं बोलायला लागली होती.

डिसेंबरात सहावीचा तास होता. तीन पोळ्या चौघांत वाटायच्या होत्या. मी शेवटच्या बाकावर बसले होते आणि माझ्या पुढ्यात अवनी नावाची दोन वेण्यांची मुलगी होती. तास संपल्यावर चहा घेताना मी कृतिकाला म्हटलं, "छान झाला. पण ती अवनी अख्खा तास गप्प होती. अशा मुलांकडे लक्ष दे."

 कृतिका हळूच म्हणाली, "मॅम, आज सगळ्यात जास्त तर तीच बोलली."

मी काहीतरी सारवासारव केली. खालच्या हॉर्नवर ढकललं, असं वाटतं.

पुढच्या आठवड्यात गेले, तर माझी खुर्ची पुढे फळ्याशेजारी, मुलांकडे तोंड करून ठेवलेली. कृतिका मुलांना सांगत होती, "जो बोलेगा, खड़ा होकर मॅम की तरफ़ देखकर बोलेगा." मी तो तास कसाबसा काढला आणि शिक्षकांच्या खोलीत तिला गाठलं.

"माझी खुर्ची कोणी हलवली?"

"मी, मॅम."

"बघणारा मागे बसतो. एवढं शिकवलंय मी तुला."

"हो, पण मागून तुम्हाला ऐकू येत नाही ना."

ताई, तिने हे आवाज न चढवता सांगितलं आणि काही न लपवताही. बाहेर पाऊस पडतोय, असं सांगावं तसं. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. मेट्रोत उभी होते, पण गाडी बदलायचं राजीव चौक स्टेशन कधी येऊन गेलं ते कळलंच नाही.

तर ते हे आहे. मला ऐकू येत नाही. म्हणजे अगदीच येत नाही असं नाही. आवाज येतो, शब्द येत नाहीत. बारीक आवाज, मुलांचे तर फारच, अर्धेच पोचतात. समोरच्याचे ओठ दिसले की बाकीचं मी जुळवून घेते. आणि हे काही आत्ताचं नाही. मी शाळा सोडली तेव्हा तुम्ही सगळ्यांनी बढती समजून अभिनंदन केलंत. तू तर साडी पाठवलीस. खरं म्हणजे मागच्या रांगेतल्या मुलांची उत्तरं मला कळेनाशी झाली होती. मोठ्या माणसांशी समोरासमोर बोलायचं काम जमेल, म्हणून मी ते धरलं.

यांना संशय होताच. डॉक्टरकडे जाऊ म्हणाले, की मी अंगावर जायची. "तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता," म्हणायची.

का लपवलं, ते तुला सांगायला नको. आठवतं ना, आपल्या अण्णांना ऐकू येईनासं झालं, तेव्हा सुरुवातीला आपण ओरडून बोलायचो. मग "काही नाही, नंतर सांगते" म्हणू लागलो. मग तेही म्हणेनासे झालो. शेवटी ते पंगतीत सगळ्यांच्या मध्ये बसून नुसते हसायचे, बाकीचे हसले की. मला ते हसणं नको होतं, ताई.

मी संस्थेला गुडघे दुखतात असं कळवलं आणि घरी बसले. (भाऊजींचे गुडघे उसने घेतले, त्यांना सांग.) एका रविवारी दारात कृतिका. यांनीच तिला आत घेतलं आणि स्वतः भाजी आणायला निघून गेले. पिशवी इथेच विसरून. ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. उजेड तिच्या तोंडावर पडेल, असं.

"मॅम, तुम्ही रागावलात ना?"

"हो."

"मी पण खूप रागावले होते तुमच्यावर, पहिल्या दिवशी. मागे बसून लिहीत होता. वाटलं, ही कोण बाई, माझ्या चुका टिपून घेते. फिर भी मी तुम्हाला बघू दिलं." तिचा आवाज कापत असावा, ओठ कापत होते. "आता तुम्ही मला बघू देत नाही. हे फेअर नाही, मॅम."

  मी तिला विचारलं, "त्या दिवशी अवनी काय म्हणाली होती गं?"

कृतिकाचा चेहरा खुलला. "ती म्हणाली, सगळ्यांना पाऊण पोळी द्यायची हे बरोबर आहे. पण चौथ्याने सकाळपासून काहीच खाल्लं नसेल, तर बरोबर म्हणजे काय?"

ताई, असं एखादं वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी जन्मभर वर्गात उभी राहिले. आणि ते माझ्या पुढच्याच बाकावर बोललं गेलं, नि मी त्या मुलीला गप्प ठरवलं. कृतिका गेल्यावर मी यांना म्हटलं, उद्या डॉक्टरकडे जाऊ या.  हे माझ्या शेजारी येऊन बसले.

आता दोन्ही कानांत मशीन आहे. पहिले काही दिवस छळ होता. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं, कुकरची शिट्टी तर थेट मेंदूत. जेवताना स्वतःचंच चावणं ऐकून जेवण नको व्हायचं. अजूनही गर्दीत गोंधळ होतो, आणि डॉक्टर म्हणतात तो थोडा राहणारच. पण एका सकाळी हे आंघोळ करताना गुणगुणत होते, ते ऐकलं. मला वाटायचं, यांनी ते कधीच सोडलं.

परवा पानिपतला गेले होते, गणिताच्या शिक्षकांची कार्यशाळा घ्यायला. निघताना हे म्हणाले, "मराठी माणसा, जपून." तिथे उभी राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "मुझे कम सुनाई देता है. मेरी तरफ़ देखकर बोलिए, और मैं दोबारा पूछूँ तो दोबारा बताइए." खोली एकदम शांत झाली. इतकी, की मला वाटलं मशीनच बंद पडलं. मग पार्वती नावाच्या एक बाई, माझ्याच वयाच्या, उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघत सावकाश म्हणाल्या की अपूर्णांकाने भागताना तो उलटा का करायचा, हे त्यांना आजवर कळलेलं नाही. इतकी वर्षं पाठच करून घेतलं. दोघे-तिघे हसले, पण मग आणखी हात वर आले. दुपारपर्यंत आम्ही तेवढंच करत होतो, कागद दुमडून, फाडून. माझा ठरवलेला कार्यक्रम सगळा बाजूला राहिला. इतकी सुंदर कार्यशाळा मी आजवर घेतली नव्हती.

आता फोनचं.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तुझा फोन आला होता. तू खूप भरभर बोलत होतीस. मला 'निहार' कळलं आणि 'लग्न' कळलं. बाकीचं मी जुळवलं. म्हटलं, "अगं वा! मग पेढे कधी?" तू फोन ठेवलास. मला वाटलं, लाइन गेली. चार दिवसांनी भाऊजींनी यांना सांगितलं की निहारचं ठरलेलं लग्न मोडलंय, आणि पोरगं दार लावून बसलंय.

त्यानंतर तुझा फोन आला की मी यांना खूण करायची, आंघोळीला गेलेय म्हणून सांगा. तुझ्या लेखी मी दुष्ट ठरले असणार. ते मला चाललं, ताई. बहिरी ठरणं चालत नव्हतं. केवढा हा उलटा हिशेब, हे मला आता दिसतंय.

माफ कर म्हणते, पण लगेच करू नकोस. आधी मला ते सगळं सांग. होळीनंतरचं तिकीट काढलं आहे, मी एकटीच येतेय. तोवर थांबवणार नसेल तर फोन कर, मीच उचलेन. मध्ये अडवून "पुन्हा सांग" म्हणेन, तेवढं सोसून घे. त्या ठरलेल्या पोरीचं काय झालं, निहार जेवतो का, तुझी झोप कशी आहे, सगळं सांग. रडलीस तरी चालेल, पण शब्द गिळू नकोस.

भाऊजींना नमस्कार. निहारला म्हणावं, मावशीला त्याच्याशी बोलायचं नाहीये, त्याचं ऐकायचं आहे.

तुझं सगळं ऐकायचं बाकी असलेली,
विजू