आईची टिकली, नानांचा हात

उस्मानपुरा,
१८ मे, रविवार

तायडे,

पाया पडतो. आधी कबूल करतो, मग खुशाली. नानांच्या कॉम्प्युटरच्या माऊसला खालून आईची टिकली मीच चिकटवली होती. लाल उजेडाच्या भोकावर, बरोब्बर.

फोन केला नाय, कारण नाना बाजूलाच असतेत. व्हॉट्सॲपवर टाकलं तर तुझा पोरगा सोमनाथ साऱ्या पाचोड गावाला वाचून दाखवील. म्हणून ही चिठ्ठी, तुला धाडलेल्या लोणच्याच्या बरणीखाली.

इकडं सगळे बरे. ऊन लई. पत्रे तापलेत.

लकव्यानंतर डॉक्टरांनी नानांला रोज तासभर कॉम्प्युटरवर पत्ते खेळायला लावलंय, उजव्या हातानं, हे तुला माहीतच. टिकली लावली तेव्हा बाण हलेना. नाना माऊस घासतेत, मी दाराआड हसतोय. स्वतःच्या बापाला. पाच मिनिटांत काढून घेतली, आईशप्पथ.

दुसऱ्या दिवशी बाण पुन्हा अडकला. टिकली तर माझ्या खिशात. नानांनी हात मांडीवर घेतला न् म्हणले, "राहू दे शिवराज. हात गेला परत."

तीन दिवस खुर्चीकडं फिरकले नाय. दाबायचा रबरी चेंडूबी कपाटात गेला. मी तेव्हाच तोंड उघडायला पाहिजे होतं.

चौथ्या दिवशी मीच तो बिनवायरीचा, चार्जिंगवाला माऊस घेऊन बसलो. चार्जिंगची वायर लावली की घोड्यावाणी पळतो, काढली की दहा मिनिटांत गार. परत लावला तर लगेच हिरवा दिवा, म्हणे फुल. इतक्यात कसा फुल?

नानांला बळंच शेजारी बसवलं, वायर काढली न् माऊसवर माझा हात ठेवला. दहाव्या मिनिटाला बाण अडकला. नाना बघतच राहिले.

"तुझाबी गेला का हात?" म्हणले. न् हसले.

ओवैसच्या मोबाईलच्या दुकानात नेला. खोलला तर आतली बॅटरी पोळीवाणी फुगलेली.

"चौबीस घंटे चार्जिंग पे रखे क्या?"

म्हणलं, व्हय. लाईट कधी जाईल भरोसा नाय म्हणून खेळायचा तास सोडला तर नाना वायर काढतच नाय. वरून धूळ नको म्हणून त्याला आपली कानटोपी घालतेत.

"मई में टोपी? मियाँ, तुमारे अब्बा ने इसको लाड से मार डाला."

नवी बॅटरी बसली. काल नाना दीड तास खेळले. म्हणले, "उंदीर दमला नाय, मीच दमलो." चेंडू कपाटातून निघाला.

एकच हाय. आता बसायच्या आधी नाना माऊस उलटा करतेत, खालून अंगठ्यानं पुसतेत, न् माझ्याकडं बघतेत.

कळलं असंल का गं? नसंल तर तू कळू देऊ नको. भाऊजींला नको, सोमनाथला नको, आईला तर बिलकूल नको. ज्या दिवशी नानांला त्याच हातानं माझा कान पिरगाळता येईल, त्या दिवशी मीच सांगीन. तोवर कुणाला बोलू नको, तायडे, हात जोडतो.

कान तयार ठेवून बसलेला,
तुझा शिवराज