अळणी नोव्हेंबर

२ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.

टक् टक्, टक्. टक् टक्, टक्. चौथीच्या वर्गात मास्तर डस्टरनं टेबलावर असा ठेका धरायचे आणि आम्ही सगळी पोरं नदीची कविता एका सुरात म्हणायचो. आज दाढी करताना तोच आवाज कानी आला. इतका स्पष्ट, की वळून पाहिलं. नळ गळत होता. तरी शुभशकुन मानायला हरकत नाही.

कारण आजपासून आहारसुधारणा. लेकीनं काल फोनवर बजावलं, २९ला, रविवारी येते, गेल्या महिन्यासारखे गरगरताना दिसलात तर घराला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे. यावर चर्चा नाही. तिचं घर अकराव्या मजल्यावर. मला मिळणार ती खोली, जिच्यात सध्या व्यायामाची सायकल आणि इस्त्रीचे कपडे राहतात. माझी खिडकी आणि माझं टेबल सोडून मी कुठेही जाणार नाही. २९ला दारात टवटवीत उभा राहीन. बघतच राहील.

४ नोव्हेंबर, बुधवार.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ब्लडप्रेशर वर. म्हणाले, अंगातलं पाणी काढणारी ही छोटी गोळी रोज घ्या आणि मीठ जरा बेतानं खा.

जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. ‘जरा’, ‘बेतानं’ असले लुळे शब्द दिसले की काट मारायची, हा हाताचा धर्म. वाक्य घट्ट केलं. मीठ बंद. शरीर तरी काय, एक लांबलेलं प्रूफच. जास्तीचं ते उडवायचं.

मिठाची बरणी समोरच्या शिंपीणबाईंना देऊन टाकली. म्हणाल्या, काका, हे काय केलंत, आता जन्मभर तुमच्या मिठाला जागावं लागणार. बाई तोंडाळ आहेत, पण शिवण सरळ.

९ नोव्हेंबर, सोमवार.

उकडलेलं गाजर, उकडलेला कोबी, उकडलेला बटाटा. आणि पाणी. जगच्या जग पाणी. आत साठलेलं सत्तर-बहात्तर वर्षांचं मीठ धुऊन निघायला नको?

शिवाय माझा स्वतःचा शोध. एक घास, नदीच्या कवितेचं एक कडवं. ठेक्यात चावायचं. गाजर कडव्यात चपखल बसतं. बटाटा दुसऱ्या ओळीतच विरघळतो. त्याला शिस्त नाही.

गोळी चुकवत नाही. मी काही हेकट अडाणी नव्हे.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार.

पँट सैल! विजय. शिंपीणबाईंकडे नेली. म्हणाल्या, काका, आणखी आत घेतली तर दोन्ही खिसे एकमेकांच्या गळ्यात पडतील. मग टेप गळ्यात टाकून माझ्याकडे निरखून बघत विचारलं, चेहरा असा ओल आलेल्या भिंतीसारखा का दिसतोय? मी म्हटलं, बाई, याला तेज म्हणतात. म्हणाल्या, असेल बुवा, आमच्याकडे या तेजाला दवाखान्यात नेतात.

पोटऱ्यांत गोळे येतात. स्नायू तयार होत असणार.

१७ नोव्हेंबर, मंगळवार.

डोकं ठणकतंय. मळमळ. शरीरातली घाण बाहेर पडताना असं होतंच. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. की मीच कुणाला तरी सांगितलं होतं?

जेवताना नदीच्या कवितेची शेवटची ओळ आठवेना. साठ वर्षं पाठ असलेली ओळ! घास तोंडात तसाच, आणि मी ओळीची वाट बघत बसलेला. शेवटी गिळला. तशी ती ओळ भरतीचीच होती. मी तपासायला असतो तर तेव्हाच उडवली असती.

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, तुमची जीभ जड का वाटतेय? सांगितलं, पाणी पिता पिता बोलतोय. खरंच पीत होतो. म्हणाली, नीट जेवता ना, शपथ घ्या. मी म्हटलं, अगं, इतका हलका मी लग्नातसुद्धा नव्हतो. त्यावर तिनं विचारलं, वजन किती भरलं, आकडा सांगा. पोरीचं हे आकडे मागणं मला आवडत नाही. अगदी आईवर गेली आहे.

२१ नोव्हेंबर, शनिवार.

बाथरूमची फरशी अचानक वर आली. पडलो असं नाही, गुडघे जरा लवकर टेकले इतकंच. कोपर सुजून वांग्यासारखं झालंय. कुणाला सांगण्यात अर्थ नाही, माणसं लगेच ‘पडलो’ असा शब्द वापरतात.

शिंपीणबाईंच्या दुकानाखाली उभा राहूनच २९साठी शर्टाची बाही लांब करून मागितली. शिंपीणबाई हातातली कात्री खाली ठेवून म्हणाल्या, काय लपवताय? लेकीला फोन करते मी. मी म्हटलं, केलात तर या दुकानाची पायरी चढणार नाही. म्हणाल्या, आधी चढून तर दाखवा, तीनच आहेत. चढलो. कठडा धरला, पण तो होता म्हणून धरला.

बाहेर पडताना त्या हसल्या नाहीत. नेहमी हसतात.

२४ नोव्हेंबर, मंगळवार.

सकाळपासून खिडकीखालून पाणी वाहत असल्याचा आवाज येतोय. रस्ता कोरडा. पण आवाज सुरेख. म्हणजे कान साफ झाले.

कवितेचं दुसरं कडवंही गेलं. पहिल्याच्या काठावर उभा राहून हाक मारली. पलीकडून कुणी ओ देत नाही. आता घास नुसत्या टक् टक्‌वर चावतो. अर्थाचा बोजाही उतरला, हे बरंच झालं.

टेबलावर ते आहे, कान असलेलं, ज्यातून पाणी ओततात ते. त्याचं नाव दुपारभर आठवत होतो. नाव काही महत्त्वाचं नाही. पाणी महत्त्वाचं.

२६ नोव्हेंबर, गुरुवार.

रविवार तोंडावर आला. तयारी उत्तम. शर्टाला इस्त्री केली. गोळी घेतली. बहुधा दोनदा. चुकवण्यापेक्षा बरं.

आरशात बघून टवटवीत उभं राहण्याचा सराव केला. आरसा हलतो. खिळा ठोकून घ्यायला हवा.

२६ नोव्हेंबर, गुरुवार.

दारात दुधाच्या तीन पिशव्या. एक बरी, एक फुगलेली, एक फुटून उंबऱ्यावर आंबलेली. एका दिवसाचं दूध तीनदा टाकून गेला शहाणा! तपासणारा कुणी नसला की हे असं होतं, तोच मजकूर पुन्हा पुन्हा.

शर्टाला इस्त्री करायला घेतली. कुणीतरी आधीच करून ठेवली आहे.

जेवलो का? ताटलीत गाजर आहे. म्हणजे नाही. किंवा ते उरलेलं आहे.

२६ नोव्हेंबर, गुरुवार. नंतर.

बेल वाजली. मी कुणाची वाट बघत नव्हतो. भिंतीला धरून धरून गेलो, भिंत बरीच लांबली आहे.

दारात एक बाई. चाळिशीची, खांद्याला बॅग. चेहरा कुठल्याशा ओळखीच्या घराण्यातला वाटला. काहीतरी विकायला आली असावी. सभ्यपणे सांगितलं, मला काही नको, रविवारी माझी लेक यायची आहे, घेण्यादेण्याचं सगळं ती बघते, तेव्हा या.

तर म्हणते, आज रविवारच आहे. ही विकणारी माणसं काय वाट्टेल ते सांगतात.

मग तिची बॅग खाली पडली. माझं दुखरं कोपर धरून ती मला बाबा, बाबा म्हणू लागली. विकण्याची ही नवी तऱ्हा दिसते. तरीही वाईट वाटलं. म्हटलं, रडू नका, बसा, पाणी देतो, माझ्याकडे पाणी भरपूर आहे. त्यावर ती आणखीच रडायला लागली.

आता बाहेरच्या खोलीत फोनवर कुणाला तरी, लवकर या, लवकर या, म्हणते आहे. परक्या माणसाला घरात एकटं सोडू नये, पण विसरण्याआधी हे लिहून ठेवलेलं बरं.

रविवारी लेक आली की तिला सांगायचं आहे. बाई चांगल्या घरची वाटली. आणि कुणाची तरी फार काळजी करत होती.