न दिलेला गोळा

बाबा, समुद्राकाठच्या आपल्या त्या स्टेशनात आता संग्रहालय होणार आहे. इतकी वर्षं तिथे शेळ्या बसायच्या. गावाने इमारतीला रंग दिलाय आणि दाराशी लावायच्या फलकासाठी स्टेशनाचा इतिहास माझ्याकडे मागितलाय. का, तर शेवटच्या स्टेशनमास्तरांची मुलगी पुण्यात असते, म्हणजे तिला लिहिता येत असणारच!

गाडी कशी सुरू झाली, मीठ आणि मासळी कशी जायची, हे भराभर लिहून झालं. शेवटाशी मात्र अडले. मोठ्या भरतीनंतरची ती सकाळ. तुम्ही रुळांवरून चालत जाऊन परत येता, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. फलाटावर कोळणी टोपल्या घेऊन बसल्यात, इंजिन धुसफुसतंय. त्या एकेरी मार्गावर स्टेशनमास्तरने लोखंडी गोळा हातात दिल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही, आणि तुम्ही गोळा देत नाही. "खालची खडी वाहून गेलीय. रूळ अधांतरी आहेत," एवढंच म्हणता. "मास्तर, काल गेलीच ना गाडी? आमची मासळी कुजंल!" एक कोळीण ओरडते. तुम्ही खोलीत जाऊन दार लावून घेता.

दोन दिवसांनी तिथला भराव आपला आपणच समुद्रात गेला. तोट्यातल्या मार्गाची दुरुस्ती कोण करणार? गाडी कायमची बंद झाली, आणि गावाने धरलं ते तुम्हाला. मास्तरांनीच वर कळवून गाडी घालवली म्हणे. बाजारात आईला कुणी मासळी देईना. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसेना. मग तुमची पुण्याला बदली झाली. नारायण पेठेतले घरमालक पहिल्याच दिवशी म्हणाले, "समुद्राकाठचे का आपण? इथे मुठा आहे, तिच्यावर भागवा." तुम्ही हसलात. मी नाही हसले.

काल संग्रहालयाचं काम बघणाऱ्या तरुणाचा फोन आला. "काकू, 'वादळामुळे मार्ग बंद झाला' असं टाकूया का? सेफ आहे. मास्तरांचं नाव काढलं की जुन्या लोकांना अजून राग येतो हो."

"वादळ झालंच नव्हतं," मी म्हटलं. "स्टेशनमास्तरांनी गाडी अडवली म्हणून माणसं वाचली, असं लिहा. जमत नसेल तर फलक कोरा लावा, भिंतीला शोभेल."

तो म्हणाला, "बरं काकू, तसंच लिहितो."

फोन ठेवला आणि मला तुमचा फार अभिमान वाटला. हे तुम्ही असताना म्हणायला हवं होतं, पण आपल्या घरात तशी पद्धतच नव्हती. आता पत्ता नाही, त्यामुळे हे पत्र टेबलावरच राहील. म्हणून उरलेलंही लिहून टाकते. तुमचं बरोबर होतं, हे मला त्या सकाळीही कळत होतं. तरी माझा समुद्र गेला तो गेलाच. उद्घाटनाला या म्हणालेत, मी नाही म्हणून कळवलंय. जुन्या लोकांना अजून राग येतो, असं तो मुलगा म्हणाला ना, बाबा, त्या लोकांत मीही आहे.